नाइट खरे कसे होते? चिलखताच्या मोहामागचा इतिहास

शाळेत दिवसभर आमच्या कानावर "सर, सर" पडत असतं. हा शब्द मुळात कुणाचा, याचा विचार सहसा कुणी करत नाही. इंग्रजी अमदानीत सरकार ज्याला "नाइट" करी, त्याच्या नावाआधी "सर" लागे. सर सय्यद अहमद खान यांच्या नावातलं "सर" हेच. अल्लामा इक्बाल यांना मिळालेलं "सर" हेच. जालियनवाला बागेच्या कत्तलीनंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी जो किताब नाकारला, तोही हाच.

नाइट म्हणजे युरोपच्या मध्ययुगातला, चिलखत घातलेला घोडेस्वार योद्धा. त्याचा काळ संपून पाचशे वर्षं होऊन गेली, पण त्याचा मोह काही संपत नाही. सिनेमा, कादंबऱ्या, मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे गेम, सगळीकडे तो आहे. आपली मुलंही ते गेम खेळतात, ते रील बघतात. लांब झगा, छातीवर लाल क्रॉस, हातात तलवार. दिसायला रुबाबदार आहेच. पण ज्यांच्याविरुद्ध ती तलवार उपसली गेली, त्यांत मुसलमानही होते. म्हणून या मोहाकडे आपण जरा डोळसपणे बघायला हवं. रागाने नव्हे, आणि भारावूनही नव्हे.

घोडेस्वार आणि त्याला घातलेला लगाम

"नाइट" या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ मुलगा किंवा नोकर असा होता. म्हणजे सुरुवातीला तो मोठ्या जमीनदाराच्या पदरी असलेला शिपाई होता. फ्रेंच भाषेत त्याला "शेव्हालिये" म्हणत, म्हणजे घोडेस्वार. लढाईचा घोडा, चिलखत, शस्त्रं आणि हाताखालची माणसं हा खर्च फार मोठा होता. त्यामुळे हळूहळू हे काम जमीन असणाऱ्यांच्याच हातात राहिलं आणि शिपायाचा सरदार झाला.

दहाव्या-अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राजसत्ता कमजोर होती. हे घोडेस्वार एकमेकांची गावं लुटत, शेतकऱ्यांची गुरं हाकून नेत, चर्चच्या मालमत्तेवरही हात टाकत. शेवटी इ.स. ९८९ मध्ये शारू इथं धर्मगुरूंची सभा भरली आणि चर्च किंवा गरिबांची जनावरं लुटणाऱ्याला बहिष्कृत करण्याची धमकी दिली गेली. पुढे आठवड्यातल्या ठरावीक दिवशी लढाई करू नये, असेही नियम निघाले.

इथं थोडं थांबून विचार करा. दुबळ्यांचं रक्षण करा, स्त्रियांचा मान राखा, शब्द पाळा, ही नाइटची तत्त्वं म्हणून आज सांगितली जातात. ती इतक्या वेळा बजावून का सांगावी लागली? वर्गात "गोंगाट करू नका" असा फलक लावलेला असेल, तर त्या वर्गात शांतता असते असं कुणी समजत नाही. स्त्रियांच्या सन्मानाचंही तसंच. तो मान बहुतांशी उच्च कुळातल्या स्त्रीसाठी होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानुस याने प्रेमाच्या रीतीभातीवर ग्रंथ लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या घरातल्या स्त्रीवर थोडी बळजबरी केली तरी चालेल, असा सल्ला आहे. काही अभ्यासक तो उपरोध मानतात. पण उपरोध म्हटला तरी कुणाची इज्जत मोजली जात होती आणि कुणाची नाही, ते त्यातून कळतंच.

सलीबी जंगा आणि टेम्प्लर

१०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने क्लेरमाँ इथं हाक दिली. आपापसातल्या लढाया सोडा आणि पूर्वेकडे चला, असा तिचा आशय होता. घरातली मारामारी थांबवता येत नव्हती, ती बाहेर वळवली गेली. १०९६ मध्ये वाटेवरच्या जर्मन शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. १५ जुलै १०९९ रोजी बैतुल मुकद्दस (जेरुसलेम) पडलं आणि तिथं मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. ही गोष्ट फक्त आपल्या तारीखकारांनी लिहिलेली नाही, सलीबी फौजेबरोबर असलेल्या ख्रिस्ती लेखकांनीही लिहून ठेवली आहे. १२०४ मध्ये तर याच सलीबींनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. ते शहर ख्रिस्ती होतं.

१११९ च्या सुमारास काही नाइटांनी यात्रेकरूंच्या रक्षणासाठी एक संघ काढला. राजा बाल्डविन दुसरा याने त्यांना राहायला मस्जिद-ए-अक्साची इमारत दिली. ते तिला सुलेमानचं मंदिर समजत, म्हणून त्यांचं नाव पडलं टेम्प्लर. पुढे हे लोक श्रीमंत झाले आणि राजांना कर्ज देऊ लागले. फ्रान्सचा राजा फिलिप चौथा त्यांचा कर्जदार होता. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याने फ्रान्समधल्या टेम्प्लरांना एकदम अटक केली, छळ करून कबुलीजबाब घेतले. १३१२ मध्ये संघ बरखास्त झाला, १३१४ मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जाळण्यात आलं.

इतका नाट्यमय शेवट असला की दंतकथा उगवतातच. गुप्त खजिना, गुप्त वारसा, जगभरचं कारस्थान. २००३ ची "द दा विंची कोड" ही कादंबरी टेम्प्लरांना रहस्याचे राखणदार बनवते. २००७ चा "असॅसिन्स क्रीड" हा गेम ११९१ सालच्या शाममध्ये घडतो आणि तिथं टेम्प्लर खलनायक आहेत. एकाच संघाचे दोन अवतार, आणि दोन्ही कल्पित!

एकोणिसाव्या शतकाने घडवलेला नायक

आज आपल्याला जो नाइट माहीत आहे, तो मध्ययुगातून सरळ चालत आलेला नाही. त्याला पुन्हा घडवलं एकोणिसाव्या शतकाने. कारखाने आले, धूर आला, जुनी सरदारकी गेली, आणि मग जुन्या काळाची हुरहुर सुरू झाली. सर वॉल्टर स्कॉट यांची "आयव्हॅन्हो" १८१९ मध्ये आली आणि "द टॅलिस्मन" १८२५ मध्ये. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या एग्लिंटन इथं काही उमरावांनी खरोखर चिलखतं चढवून जुन्या पद्धतीचे सामने भरवले. प्रचंड गर्दी जमली, आणि धो धो पाऊस कोसळला. मैदानाचा चिखल झाला, समारंभाचा "राजा" बनलेल्या उमरावाने छत्री उघडली आणि लोकांना थट्टेला विषय मिळाला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले, ज्यांच्या शेतात गुलाम राबत होते, ते स्वतःला नाइटांचे वारस समजू लागले. मार्क ट्वेन यांनी १८८३ मध्ये तिथल्या यादवी युद्धाचा बराचसा दोष स्कॉटच्या कादंबऱ्यांवर टाकला. त्यात अतिशयोक्ती आहे. पण काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनने स्वतःला "नाइट" म्हणवून घेतलं, ही वस्तुस्थिती आहे.

याच मोहातून चांगलंही निघालं. बेडन-पॉवेल यांनी १९०८ च्या आपल्या स्काऊटच्या पुस्तकात नाइटांचा आदर्श मुलांपुढे ठेवला आणि रोज एक तरी सत्कृत्य करा असं सांगितलं. आपल्या शाळांतल्या स्काऊट-गाईडमध्ये ही गोष्ट आजही आहे, आणि ती चांगलीच आहे. आदर्श चांगला असू शकतो. तो ज्यांच्या नावावर चढवला, ते तसे होते का, हा प्रश्न वेगळा.

आपला जवाबही त्याच साच्यातला

आता आपल्याकडे येऊ. "द टॅलिस्मन"मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी हकीमाचा वेश घेऊन आजारी राजा रिचर्डवर इलाज करायला जातात. प्रत्यक्षात या दोघांची समोरासमोर भेट कधी झालीच नाही. रिचर्ड आजारी असताना सुलतानांनी फळं आणि बर्फ पाठवला, एवढी नोंद मिळते. स्कॉटने सुलतानांना उदार दाखवलं, पण एकंदर मुसलमानांचं जे चित्र काढलं ते अनेकांना खटकलं. लखनौचे अब्दुल हलीम शरर त्यांपैकी एक. त्यांनी १८८८ मध्ये "मलिकुल अझीझ वर्जिना" लिहिली. उर्दूतली ऐतिहासिक कादंबरी तिथून सुरू झाली असं मानतात. पुढे नसीम हिजाझी यांच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या आणि अलीकडे "अर्तुग्रुल"ने रात्री जागवल्या.

पण खरं सांगायचं तर हा जवाब स्कॉटच्याच साच्यातला होता. तिकडचा नायक निष्कलंक, तर इकडचाही निष्कलंक. तिकडे मुसलमान खलनायक, तर इकडे ख्रिस्ती. "अर्तुग्रुल"च्या पहिल्या भागात खलनायक टेम्प्लरच आहेत. प्रत्यक्षात अर्तुग्रुल यांच्याविषयी त्यांच्या काळातली नोंद जवळपास नाही. मुलगा उस्मान याच्या नाण्यावर वडील म्हणून नाव येतं, एवढंच. मालिका बघायला हरकत नाही, पण ती तारीख म्हणून पाठ करू नये.

खुद्द सुलतान सलाहुद्दीन यांच्याबाबतही हेच. २ ऑक्टोबर ११८७ रोजी त्यांनी बैतुल मुकद्दस घेतलं तेव्हा १०९९ ची पुनरावृत्ती झाली नाही. पुरुषाला १० दिनार, स्त्रीला ५ दिनार अशी खंडणी ठरली आणि लोकांना जाऊ दिलं. अनेक गरिबांना खंडणीशिवाय सोडलं. पण ज्यांच्याजवळ पैसे नव्हते असे हजारो लोक गुलाम झाले, हेही त्यांच्याच दरबारातल्या लेखकाने लिहिलं आहे. त्याच वर्षी हत्तीनच्या लढाईनंतर पकडलेल्या टेम्प्लरांना ठार करण्यात आलं. तिकडे नाइटांचा आदर्श मानल्या गेलेल्या रिचर्डने ऑगस्ट ११९१ मध्ये अक्का इथं सुमारे २,७०० कैद्यांना मारलं. माप एकच ठेवलं तर सुलतानांचं मोठेपण कमी होत नाही. उलट ते समजून घेता येतं. युरोपनेही ते मान्य केलं होतं. तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात एक कैदी नाइट सुलतानांना नाइट होण्याचे विधी समजावून सांगतो. गोष्ट कल्पित आहे, पण शत्रूला आपल्या आदर्शात बसवावं असं तिथल्या लोकांना वाटलं, हे खरं.

आणि माणसं सगळीकडे सारखी नसतात. शैजरचे सरदार उसामा इब्न मुन्किझ यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. ते बैतुल मुकद्दसला जात तेव्हा त्यांच्या ओळखीचे टेम्प्लर मस्जिद-ए-अक्साला लागून असलेली एक छोटी जागा त्यांना नमाजसाठी मोकळी करून देत. एकदा ते नमाज पढत असताना युरोपातून नुकताच आलेला एक फ्रँक धावत आला आणि त्यांचं तोंड जबरदस्तीने पूर्वेकडे वळवू लागला. टेम्प्लरांनी त्याला बाहेर काढलं आणि उसामांची माफी मागितली. हा माणूस नवीन आहे, असं सांगितलं. जे शेजारी राहिले ते थोडे शिकले होते. ज्याने फक्त ऐकीव गोष्टी ऐकल्या होत्या, तोच अंगावर धावला.

आजचा धोका

आज इंटरनेटवर टेम्प्लरचं चित्र लावून फिरणारे बहुतेक लोक त्या नव्या फ्रँकसारखे आहेत. त्यांनी ना इतिहास वाचला, ना मुसलमान शेजारी पाहिला. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांना मारणारा स्वतःला टेम्प्लर म्हणवत होता. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांना शहीद करणाऱ्याने आपल्या बंदुकांवर मध्ययुगीन लढायांची नावं लिहिली होती. करमणूक म्हणून सुरू झालेली दंतकथा काही डोक्यांत कुठपर्यंत जाते, ते यावरून दिसतं.

म्हणून पालकांना आणि आमच्या शिक्षक बांधवांना आमचं एवढंच सांगणं आहे. मुलांचे गेम आणि मालिका नुसत्या बंद करून भागणार नाही. सोबत बसा आणि तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट कोणी आणि कधी लिहिली? यात खरं किती, रचलेलं किती? आणि नायक जिंकला तेव्हा तिथल्या सामान्य माणसांचं काय झालं? हेच तीन प्रश्न आपल्या नायकांबद्दलही विचारायला मुलांना शिकवा. वैर असलं तरी इन्साफ सोडू नका, ही आपल्या दीनचीच शिकवण आहे.

शेवटी एक अलीकडची घटना. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, फोर्ट स्मिथ इथल्या मशिदीच्या भिंतींवर काही तरुणांनी रात्री रंगाने द्वेषाच्या ओळी लिहिल्या. त्यांत सलीबी जंगांची जुनी लॅटिन घोषणाही होती. त्यांच्यातल्या एकाने पुढे तुरुंगातून मशिदीला माफीचं पत्र लिहिलं. मशिदीच्या लोकांनी त्याला माफ केलं, शिक्षा सौम्य व्हावी म्हणून शब्द टाकला, आणि दंड भरता येईना म्हणून त्याला पुन्हा तुरुंगात जावं लागेल असं दिसलं तेव्हा त्याचा उरलेला दंडही मशिदीने भरून टाकला. मुलांना शौर्याची गोष्ट सांगायची असेल, तर ही जरूर सांगा.