गंगावेशीतली धार

पहाटे 3:45. कोल्हापूर, गल्लीतला गोठा. आधी शेण. पाटी, खराटा, मग पाण्याची नळी. म्हशी पंढरपुरी, तलवारीसारखी शिंगं पाठीवर गेलेली. कोपऱ्यात पहिलारू, महिन्यापूर्वी व्यालेली. दूध कट्ट्यावर जायला लागून तिला आठवडा झालाय.

4:30. आंबोण. भिजवलेली सरकी पेंड, भुसा, मूठभर मीठ. पोतं उधारीवर येतं. "म्हशीच्या आधी पेंडवाला आमची धार काढतोय," मालक म्हणतात.

5:30. गंगावेशीतला दूध कट्टा. इथं गिऱ्हाइकासमोर धार निघते. ग्लास पुढं करायचा, फेसासकट तोंडाला लावायचा, पैसे रोख. रिक्षा, केएमटीच्या बस, हॉर्न. जाणत्या म्हशी निवांत रवंथ करतात.

5:50. पहिलारूची पाळी. मालक कास पुसतात, सड चोळतात. दोन-चार धारा निघतात आणि सायलेन्सर काढलेली मोटारसायकल शेजारून फटफटत जाते. म्हैस अंग चोरते. धार बंद.

पान्हा चोरला, म्हणतात. सडाला हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, मिनिटभरात कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळतं. जनावर भ्यालं की अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मेंदूही ऑक्सिटोसिन आखडता घेतो. म्हशीचं बहुतेक दूध त्या पिशव्यांतच असतं. सडाजवळ थोडंच उतरलेलं. मग कितीही पिळा.

6:05. एक गिऱ्हाईक इंजेक्शनचं सुचवतं. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. दंड, कैद किंवा दोन्ही, शिवाय म्हैस सरकारजमा. मालक उत्तरच देत नाहीत. पारडू सडाला लावतात, पाठीवर थापटतात. "भ्यालीय ती. मारून कुठं पान्हा येतोय?" थोड्या वेळानं चरवीत आवाज येतो.

दुपारी 1:00. गडी वैरण कापतो. महिना बारा हजार, रोज लिटरभर दूध. पहिल्या दिवशी पहिलारूनं दावं तोडलं होतं, तो सांगतो. आता नुसती दचकते. तीच भीती रोज आली आणि इजा काही झाली नाही, की जनावराचं कॉर्टिसॉल दर वेळी कमी चढतं, लवकर उतरतं. दिवाळी पाडव्याला याच म्हशी सजून मोटारसायकलींमागं पळतात; त्याचा सराव असा रोजचा. रोज मार बसणाऱ्या जनावराचं मात्र असं होईलच असं नाही.

संध्याकाळी 5:15. पुन्हा कट्टा. पहिलारू शांत. दचकली ती सगळ्यांत जुनी म्हैस. समोर नवा फ्लेक्स लागलाय, वाऱ्यानं फडफडतोय. हॉर्नची सवय फ्लेक्सला चालत नाही. मालक तिचं तोंड दुसरीकडं करून बांधतात.

7:30. हिशेब. पहिलारूचं दोन्ही वेळचं मिळून साडेचार लिटर. सरावायला अजून पंधरा दिवस लागतील, मालकांचा अंदाज. पेंडवाल्याला पाचशे दिले; बाकी उधारी पुढल्या आठवड्यात.