डोंगराची चिखलणी

जुलैत मुठा खोऱ्यात भातलावणीची घाई असते. खाचरात पाणी कोंडायचं आणि औत फिरवून चिखलणी करायची. उन्हाळ्यात कुदळीलाही दाद न देणारं ढेकूळ मग खिरीसारखं पसरतं. मातीचे कण तेच असतात, पण मधल्या फटींत पाणी ठासून भरलं की ते कणांना एकमेकांपासून रेटतं आणि त्यांची पकड सुटते. खाचराला निदान बांध असतो.

वरच्या डोंगरातही हेच घडतं. सह्याद्रीचे उभे कडे बेसाल्टचे. त्यांच्यावर माती टिकतच नाही. खरी काळजी कड्याखालच्या उताराची. वर्षानुवर्षं वरून पडलेले गोटे, मुरूम आणि चिकणमाती तिथे साचलेली असते. पाणी या थरातून झिरपत खालच्या अखंड खडकापाशी अडतं. पाऊस थांबला नाही, तर तिथला दाब वाढत जातो आणि वरचा सगळा थर खडकावरून घसरतो.

25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात पडतो साधारण 700. त्या दिवशी आदरवाडीजवळ दरडीने एकाचा जीव घेतला, आणि मुठ्याहून टेमघरचा घाट चढून जिथे पोचतो त्या लवासात बंगल्यांवर डोंगर आला.

हिमालयात जाऊन आलेल्या पुणेकर ट्रेकरला हे ओळखीचं वाटेल. तिथे वसंतात ऊन चढलं की बर्फ वितळतो, पाणी थरांत मुरतं आणि दुपारी ओला बर्फ सुटतो. तोही बहुतेकदा 30 ते 45 अंशांच्या उतारावरून, कारण त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचत नाही. म्हणून तिथले वाटाडे पहाटे अंधारात निघतात आणि ऊन तापायच्या आत उतार पार करतात. आपल्याकडे असं घड्याळ नाही. दरड रात्रीही येते. इथे मोजायचा तो मागच्या दोन-तीन दिवसांचा पाऊस; आज सकाळी उघडीप दिसली म्हणून डोंगरातलं पाणी ओसरलेलं नसतं.

माळीणवर 30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगर आला; 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते एका एसटी चालकाच्या. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. याद्या हव्यातच, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणं मला धाडसाचं वाटतं.

पावसाळी भटकंतीत आपण दरी बघतो, फोटोही तिचेच काढतो. मान वर करून डोक्यावरचा उतार बघणारे थोडे. घाटात रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असतो. नेमकं तिथेच, धबधब्याखाली गाडी लावून कणीस खात उभं राहण्याची आपली हौस! थांबायचंच तर मोकळ्या सपाटीवर थांबावं. पायवाटेने जाताना घळ आणि नाळ टाळावी, सोंडेने किंवा धारेने चढावं. घळ ओलांडावीच लागली, तर एकेकाने ओलांडावी. बाकीच्यांनी अलीकडे उभं राहून वर नजर ठेवावी. उतारावर नवी भेग, नुकतंच कललेलं झाड किंवा मधूनच घरंगळणारे दगड दिसले, तर तिथून परत फिरावं.

आणि ओढ्यावर लक्ष असू द्या. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा धो-धो पावसात ओढा अचानक रोडावला, तर वर कुठेतरी माती सुटून पाणी तुंबलेलं असू शकतं. अशा वेळी सॅक उचलायलाही थांबू नये. उताराच्या दिशेने खाली पळू नये. आडवं पळावं, जवळच्या धारेकडे.