बीटा पेशींचे श्वसन आणि वनस्पतिद्रव्ये

मधुमेह जडलेल्या मनुष्यास आपल्याकडे कोणी बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी प्यावयास सांगतो, कोणी दारुहळदीचा काढा सुचवितो, आणि दोघांचाही दाखला एकच असतो, की रक्तातील साखर उतरली. हा दाखला खरा धरला, तरी ती कोणत्या मार्गाने उतरली याचा निर्णय त्यावरून होत नाही. त्यासाठी पॉल लँगरहान्स याने 1869 साली वर्णिलेल्या स्वादुपिंडातील बेटांपर्यंत, तेथील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींपर्यंत, जावे लागते.

इतर बहुतेक पेशी आपल्या गरजेपुरतीच साखर जाळतात. बीटा पेशी मात्र रक्तातील साखर वाढेल तसे आपले ज्वलनही वाढविते, कारण साखर मोजण्याचे तिचे साधनच ते आहे. तिच्यातील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने एटीपी हे ऊर्जाद्रव्य घडवितात. ते वाढले की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची द्वारे मिटतात, विद्युत्‌भार पालटतो, कॅल्शियम आत शिरते आणि साठविलेले इन्शुलिन रक्तात उतरते.

ऑटो वारबुर्ग याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वायूच्या दाबावरून पेशींचे श्वसन मोजले होते. आज सूक्ष्म खळग्यांच्या तबकडीत पेशी वाढवून, त्यांवर काही मायक्रोलिटर द्रव कोंडून, त्यातील प्राणवायू कोणत्या वेगाने घटतो हे प्रकाशसंवेदी यंत्र टिपते. आणि मग पेशीच्या जमाखर्चाची कलमवार तपासणी सुरू होते. ऑलिगोमायसिन घातले, की एटीपीची निर्मिती थांबते व तिच्यासाठी किती प्राणवायू खर्च होत होता ते कळते. एफसीसीपी या द्रव्याने बंधन सुटून श्वसन कमाल मर्यादेला पोहोचते. शेवटी रोटेनोन व अँटिमायसिन श्वसनसाखळी बंद पाडतात. यांपैकी रोटेनोन वनस्पतीच्या मुळांतून मिळते, तर ऑलिगोमायसिन आणि अँटिमायसिन मातीतील जिवाणूंपासून. तेव्हा जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, हा समज या तबकडीसमोर क्षणभरही टिकत नाही.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोकोतील एकेरी रेणूंच्या कॅटेचिनांनी उंदराच्या अर्बुदापासून वाढविलेल्या बीटा पेशींचे श्वसन वाढले, आणि साखरेला प्रतिसाद म्हणून होणारे इन्शुलिनचे स्रवणही वाढले. त्याच वर्गातील एपिकॅटेचिन बिबळ्याच्या सालीतही आढळते. दारुहळदीतील बर्बेरिन मात्र श्वसनसाखळीचा पहिलाच टप्पा अडविते. म्हणजे साखर उतरविणारी म्हणून एकाच पंक्तीत बसविलेली दोन द्रव्ये पेशीच्या श्वसनावर अगदी विरुद्ध परिणाम करू शकतात. हा भेद बोटातून काढलेला रक्ताचा थेंब कधीही सांगणार नाही, आणि म्हणूनच हे मापन मला मोलाचे वाटते.

तथापि खातरजमा करावयाच्या गोष्टी अनेक उरतात. खळग्यात पेशी किती होत्या, याची नोंद नसेल तर आकडा निरर्थक ठरतो. अर्बुदाची पेशी सर्व बाबतींत मानवी पेशीसारखी नसते. आणि कॅटेचिने आतडे व यकृत यांतून जाताना इतकी बदलतात, की तबकडीत वापरलेली मात्रा रक्तात पोहोचेलच, असे गृहीत धरता येत नाही. प्रयोगशाळेतील निष्कर्ष औषधाची शिफारस नव्हे. म्हणून वाचकहो, काढा घेत असाल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका, आणि त्याच्या भरवशावर चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करू नका.