पहाटे तीनला जागा कोण?

परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर घेऊन बसलेला माणूस ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. अंग दुखतं, डोकं जड झालंय, भूक मेलीय, अशाच तक्रारी असतात. म्हणून डॉक्टर ऐकतात तितकंच बघतात. पेशंट आत कसा आला, बसला कसा, उत्तर द्यायला किती वेळ लागला.

डिप्रेशनचे प्रकार आहेत, आणि औषध ठरवतानाही प्रकार बघावा लागतो.

मेलँकोलिया हा त्यातला ठळक. हालचाल मंदावते, आवाज खोल जातो. भुवयांच्या मध्ये ओमेगा या ग्रीक अक्षरासारखी आठी पडते. 19व्या शतकातल्या जर्मन डॉक्टरांनी ती टिपून ठेवली आहे. गिरगावच्या चाळीत नळाला पाणी यायच्या आधीच, तीन-साडेतीनला अशा पेशंटचा डोळा उघडतो आणि पुन्हा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरं. नातू मांडीवर येऊन बसला तरी चेहरा हलत नाही. काहींचं उलटं असतं: येरझाऱ्या घालणं, हात चोळणं, पदर पिळत राहणं. घरचे त्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतात.

‘अटिपिकल’ प्रकारात झोप आणि भूक दोन्ही वाढतात, हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, कुणी जरा टाकून बोललं की जिव्हारी लागतं. मैत्रीण आली की अशी मुलगी हसते-बोलते. मग घरात ‘नाटकं आहेत’ असा शेरा. अहो, चांगलं काही घडलं की मन तेवढ्यापुरतं उजळणं हेच या प्रकाराचं लक्षण!

सगळ्यात फसवं बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद. आज निपचित पडलेल्या मुलाचा मागचा गणपती आठवा. लालबागमध्ये दहा दिवस सगळेच जागतात. पण विसर्जनानंतर बाकीचे कार्यकर्ते आडवे झाले, आणि हा पुढचा आठवडाभर दोन-दोन तास झोपून ताजातवाना, तोंडाचा पट्टा चालू, उधारीवर खरेदी. हे डॉक्टरांना कळलं नाही तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी पेशंट उन्मादात जाऊ शकतो.

‘माझ्या पापामुळे घर बुडालं’ असं कुणी ठाम मानू लागला, कानात आवाज येऊ लागले, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडच्या बिघाडानेही उदासी येऊ शकते, म्हणून तोही एकदा तपासून घ्या.

पेशंटला एकट्याला पाठवू नका. उठण्याची वेळ, जेवण, मागचे उत्साहाचे दिवस कागदावर लिहून न्या. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.