आभासी संगणक आणि आयपॉड

२००१ मध्ये बाजारात आलेल्या आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तरी जुने आयपॉड आजही अनेकांच्या संग्रही आहेत. त्यांत गाणी भरणारी आयट्यून्स ही आज्ञावली लिनक्ससाठी कधीच निघाली नाही. म्हणून लिनक्स वापरणारे काही जण व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने संगणकातच दुसरा, आभासी संगणक उभारतात व त्यात विंडोज चालवतात. मूळ प्रणाली यजमान, आतली पाहुणी. नावे अन्वर्थक आहेत, कारण दारी आलेली वस्तू प्रथम यजमानाच्याच हाती पडते.

आयपॉड जोडताच लिनक्स तो ताब्यात घेते आणि विंडोजला त्याचा पत्ताही लागत नाही. केबल बदलण्याचा खटाटोप येथे व्यर्थ असतो. वापरकर्त्याचे नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात नसेल, तर यूएसबी उपकरणांची यादीच रिकामी दिसते. ते असल्यास आयपॉडसाठी यूएसबी फिल्टर नेमावा. एकदा हाताने जोडून भागत नाही. प्रणाली नव्याने भरताना आयपॉड मध्येच तुटून पुन्हा जोडला जातो व यजमानाकडे परततो.

खरा धोका पुढेच आहे. पाहुण्या विंडोजमधील आयट्यून्सचा संग्रह रिकामा असतो. आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जुळलेला आहे, तो पुसून जुळवावा काय, असे ते विचारते. घाईने होकार दिल्यास सारी गाणी जातात. यास्तव यजमानाने आयपॉड प्रथम ताब्यात घेणे हे येथे उपकारकच ठरते. चक्राच्या आयपॉडमधील लपलेल्या फोल्डरातून गाण्यांची प्रत आधीच काढून घेता येते. फाइलींची नावे निरर्थक भासतात, पण गाण्याचे नाव बहुधा फाइलीच्या आत नोंदलेले असते.