काठिण्य आणि दुर्गमता : श्वापद-शिकारीच्या व्हिडिओ खेळांच्या निमित्ताने

एखादा खेळ कठीण असणे आणि तो दुर्गम असणे या दोन गोष्टी सामान्य व्यवहारात एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. काठिण्य हा खेळाच्या रचनेचाच भाग होय. दुर्गमता ही खेळापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरील अडचण होय. महाकाय श्वापदांच्या शिकारीवर आधारलेल्या व्हिडिओ खेळांत हा भेद विशेष स्पष्ट दिसतो.

जपानमधील कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर’ हा खेळ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वापदाची उरलेली शक्ती पडद्यावर दाखविली जात नाही. ते लंगडू लागले म्हणजे अंत जवळ आला, असे खेळणाऱ्याने ताडावयाचे असते. हे काठिण्य हेतुपुरस्सर आहे. ते काढून टाकल्यास शिकारीत शिकार उरणार नाही. परंतु जुन्या भागांत श्वापदाचा ठावठिकाणा कळावा म्हणून त्याच्यावर रंगाचा गोळा फेकावा लागे. २०१८ च्या ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मध्ये चमकणारे कीटक माग दाखवू लागले, २०२५ च्या ‘वाइल्ड्स’मध्ये शिकाऱ्याचे वाहनच त्याला लक्ष्यापर्यंत नेऊ लागले. वाट अशी सोपी झाली, तरी श्वापदाच्या हालचालीवरून त्याचा पुढचा हल्ला ओळखण्याचे काम खेळणाऱ्याकडेच राहिले. माग काढणे हाच ज्यांना शिकारीचा गाभा वाटतो, त्यांना मात्र ही सोय उणीव वाटेल. दोहोंमधील सीमारेषा सर्वत्र सारखी नसते.

सुगमताही एकाच प्रकारची नसते. २०१९ चा ‘डॉन्टलेस’ हा याच जातीचा खेळ विनामूल्य होता. किमतीचा अडसर त्याने दूर केला. परंतु तो सर्वस्वी कंपनीच्या संगणकयंत्रणेवर अवलंबून होता. २०२५ साली ती बंद होताच तो सर्वांनाच अप्राप्य झाला.

सर्वांत कमी लक्षात येणारा अडसर भाषेचा. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची बोलली जाते; जनगणनेत या बोली भिली-भिलोडी या वर्गात मोडतात. शाळेची भाषा बहुधा मराठी. ‘वर्ल्ड’च्या भाषासूचीत तर एकही भारतीय भाषा नाही. अशा स्थितीत पावरीभाषक तरुणाला श्वापदाचे लंगडणे कोणत्याही भाषेवाचून कळेल. मोहिमेची अट, शस्त्राचा गुण, औषधाचा परिणाम मात्र त्याला इंग्रजीतून, म्हणजे तिसऱ्या भाषेतून, उलगडावा लागेल. मोहीम फसली तर दोष कौशल्याचा की भाषेचा, हे बाहेरून पाहणाऱ्यास सांगता येणार नाही.

हाच प्रश्न वर्गातही उद्भवतो. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाचे मराठीत घातलेले गणित चुकते, तेव्हा त्याला गणित आले नाही की प्रश्न कळला नाही, याची शहानिशा क्वचितच होते. खेळात त्यामुळे फार तर एक मोहीम वाया जाते. वर्गात त्याच गफलतीने मुलाच्या बुद्धीविषयीचा निर्णय दिला जातो. म्हणून काठिण्याची परीक्षा घेण्यापूर्वी दुर्गमता दूर झाली आहे काय, हे पाहणे परीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.