सुट्टी आणि पाचवी

आमच्या दिग्रसकडे बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडलं की ‘सुट्टी झाली’ म्हणतात. मी तालुक्यातल्या एका गावात चौदा वर्षांपासून आशा आहे. प्रसूती झाली की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, ‘ताई, डॉक्टरले सांगा ना, सुट्टी द्या म्हणून.’ वावरात कापूस फुटलेला असतो. घरी मोठं पोरगं रडत असतं, नवऱ्याची मजुरी बुडते, सोबतीला आलेली आई खाटेखाली चटई टाकून रात्र काढते. वॉर्डात खाटा कमी असल्या की दवाखानाही अडवत नाही. बाई चालती-बोलती आहे, बाळ रडतं आहे, मग थांबायचं कशाला, असं सगळ्यांनाच वाटतं.

थांबायचं कारण असं, की बिघाड लगेच दिसत नाही. जास्तीत जास्त रक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होतो, तो धोका टळला की सगळे निश्चिंत होतात. पण बीपी तिसऱ्या दिवसानंतरही चढू शकतं आणि झटके येऊ शकतात. दूध भरून येतं ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. बाळाची कावीळ वाढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे दवाखान्यातून निघाल्यावर जे घडायचं, ते घरच्या अंधाऱ्या खोलीत घडतं.

म्हणून सरकारी दवाखान्यात साध्या प्रसूतीनंतर ४८ तास ठेवायचं असं ठरलेलं आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधं, तपासण्या मोफत आहेत. साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण आहे, घरी सोडायला गाडीही आहे. हे हक्काचं आहे, उपकार नव्हेत. जागतिक आरोग्य संघटना किमान २४ तास तरी थांबा म्हणते. अमेरिकेत विम्याच्या खर्चापायी बायांना एका दिवसात घरी पाठवू लागले, तेव्हा १९९६ साली कायदा करावा लागला : साध्या प्रसूतीला ४८ तास, सिझरला ९६ तास.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलटकरीण होती, मुलगी झाली, वजन २ किलो ६०० ग्रॅम. चोवीस तास होताच घरच्यांनी मागून सुट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी माझी ठरलेली फेरी होती. बाळाच्या चेहऱ्यावर पिवळी झाक होती आणि ते नुसत्या बोंडशीला ओढत होतं. मी आईला टेकून बसवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडू दिलं, तेव्हा कुठे गिळल्याचा आवाज आला. हे शिकवायला दवाखान्यातली दुसरी रात्र मिळाली असती तर!

पुढची फेरी सातव्या दिवशी होती. पण मला चैन पडेना, पाचव्या दिवशीच गेले. घरात पाचवीची तयारी चालली होती. बाजेखाली शेगडी, खिडकीला चादर, बाळाचे कान बांधलेले. धुरात बाळाचा रंग काही दिसेना. मी म्हटलं, दारात आणा. सासूबाई आडव्या आल्या, ‘आज पाचवी हाये बाई, लेकरू बाहेर नेत नाई.’ मी म्हटलं, ‘मावशी, उंबऱ्याच्या आतच बसू, फक्त उजेड पाहिजे.’

उन्हाच्या कवडशात मी बाळाचा तळवा अंगठ्याने दाबला आणि सोडला. दाबलेली जागा हळदीसारखी पिवळी होती. तळपायाला टिचकी मारली तरी बाळ कण्हून पुन्हा झोपलं. झोळीच्या काट्यावर वजन भरलं २ किलो ३००. आदल्या रात्रीपासून लंगोट एकदाच ओला झाला होता. पिवळेपणा तळव्या-तळपायांपर्यंत उतरला आणि बाळ दूध प्यायला उठेना, तर एक तासही थांबायचं नसतं. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं तरीही तसंच. गाडी बोलावली, दारव्ह्यावरून यवतमाळ गाठलं. आई वाटभर बाळाला उराशी धरून होती. चार दिवस निळ्या दिव्याखाली ठेवून बाळ बरं होऊन घरी आलं.

घरोघरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आमच्या विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत तिथल्याच बायांना हे काम शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात आलं. दवाखान्यात प्रसूती झाली तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही जातो. सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये ठरलेले आहेत. पाचवा दिवस त्यात नाही. तो असावा, असं मला मनापासून वाटतं, निदान लवकर सुट्टी झालेल्या बाळांसाठी तरी.

लवकर घरी यायचंच असेल तर निघायच्या आधी आशाला कळवा. बाळाला लघवी आणि शी झाली का, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब ची लस दिली का, आईचं बीपी मोजलं का, हे विचारूनच पिशवी उचला. आईला ताप आला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, तर रात्र उजाडायची वाट पाहू नका.

त्या मावशींनी पाचवी नंतर, बाळ घरी आल्यावर पुजली. आता गल्लीत कोणाची सुट्टी झाली की माझ्याआधी त्या तिथे पोचतात, खिडकीवरची चादर काढतात आणि मला फोन लावतात, ‘या बाई, उजेड हाये तोवर लेकरू पाहून जा.’